दिसलंच नाही, तर लागलं कसं म्हणायचं?

मुसळ उभं राहिलं तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले असतील. वस्तीवरच्या अंगणात आत्यानं पितळी परात मांडली होती, तिच्यात हळदीचं पाणी, आणि मधोमध घरातलं जुनं लाकडी मुसळ. एका हातानं वरचं टोक धरून तिनं ते सरळ केलं, श्वास धरला, बोटं एकेक करून सोडवली. मुसळ राहिलं. ग्रहण लागलं असेल तरच ते असं उभं राहतं, ही आमच्याकडची समजूत. पाण्यावर एक बारीकशी लाट परातीच्या काठापर्यंत जाऊन परतली, तेवढीच हालचाल. आत्या दोन पावलं मागं सरली, वर बघायचं नाही म्हणून पदर कपाळाच्या खाली ओढला आणि मला म्हणाली, "बघ. लागलंय." वर बघायला बंदी घालण्यासारखं काही नव्हतंच. वर नुसता ढग होता, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, कुठं शिवण न दिसणारा. मग जरा वेळानं, मला नव्हे तर त्या मुसळालाच विचारल्यासारखं ती पुटपुटली, "पण दिसलंच नाही, तर लागलं कसं म्हणायचं रं?"

उत्तर द्यायला हरकत नव्हती. चंद्र-सूर्याच्या गतीचं गणित इतकं पक्कं आहे की सोलापुरात स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, किती वाजून किती मिनिटांनी, हे कित्येक वर्षं आधी सांगता येतं, त्याला ढगांची परवानगी लागत नाही. पण मी गप्प बसलो, कारण त्याच वेळी मी छपराच्या खांबाला टांगलेल्या थर्मामीटरसमोर उभा होतो आणि पारा काही बोलत नव्हता. तारीख होती 26 डिसेंबर 2019. तो प्रश्न नंतर बरेच दिवस डोक्यात राहिला. खरं तर अजूनही आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

त्या साली ग्रहण नेमकं मार्गशीर्ष अमावास्येला आलं. आमच्याकडं ही अमावास्या म्हणजे येळवस, रानात जाऊन करायचा सण; त्यात ग्रहणानं पाय घालावा ही आत्याच्या मते सरळसरळ आगळीक होती. आठ दिवस आधीपासून घरात खल चालला होता. अमावास्या आदल्या दिवशी दुपारच्या सुमारास लागत होती आणि ग्रहणाच्या दिवशी पावणेअकराला संपत होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी करायची तर ग्रहणात करायची, आणि ग्रहणात चूल पेटत नाही. शेवटी आदल्या दिवशीच उरकायचं ठरलं. नाताळची सुट्टी होती, पोरं मोकळी होती. अक्कलकोट रोडला वळसंगच्या अलीकडं आमचं थोडं रान आहे, तिथं सगळे गेलो. कडब्याची कोप, चुन्यात बुडवलेले पाच दगडांचे पांडव, मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि ती भज्जी, जिच्यात नेमकं काय काय पडतं हे आत्याही एका दमात सांगू शकत नाही. येळवशीची भज्जी दुसऱ्या दिवशी शिळी खावी, हे माझं ठाम मत आहे. रात्रीत ती मुरते, चिंचेचा आंबटपणा शेंगदाण्यात उतरतो. पण रात्री आठाला ग्रहणाचे वेध लागले आणि उरलेल्या भज्जीचं पातेलं माझ्या डोळ्यांदेखत म्हशीपुढं गेलं. आंबिलीवर मात्र तुळशीचं पान पडलं आणि ती वाचली. म्हशीला वेध नसतात का, असं पुतण्यानं विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

रात्री वस्तीवरच राहिलो. पहाटे बाहेर आलो तर चांदणी एक नाही. डिसेंबरातल्या सोलापूरच्या पहाटेला जो कोरडा, नाकाला झोंबणारा गारठा असतो तो नव्हता. हवा दमट, कोंबट, जुलैतल्यासारखी. ढगांनी रात्रभर जमिनीची ऊब धरून ठेवली होती.

ढगाला आम्ही सोलापूरकर नावं ठेवत नाही. ठेवायची सोयच नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या पलीकडं सगळं सांडून रिकामे झालेले ढग आमच्या डोक्यावरून तेलंगणाकडं जाताना बघण्यात आयुष्यं गेली आहेत. काळा ढग दिसला की लोक दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात, आणि तो गेला की काही न बोलता आत जातात. आमच्या ढगांत पाणी असतं पण ते खाली येत नाही, हे इतकं जाहीर गुपित आहे की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं कृत्रिम पावसाच्या अभ्यासासाठी सोलापूरच निवडलं. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत त्यांनी इथले 276 ढग अभ्यासले, काहींत विमानानं कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले. काही ठिकाणी पाऊस 46 टक्क्यांपर्यंत वाढला, आणि वाऱ्याच्या दिशेनं शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी 18 टक्के. मला त्या आकड्यांपेक्षा ते 'तसेच ठेवलेले' ढग आवडतात. त्यांच्याशिवाय बाकीच्यांचं काहीच सिद्ध झालं नसतं. ही गोष्ट पुढं लागणार आहे.

डिसेंबरातला ढग मात्र वेगळा. तो कुणालाच नको असतो. ज्वारीवर चिकटा पडतो, हरभऱ्यात घाटेअळी माजते, द्राक्षबागायतदारांची झोप उडते. 2019 साली अरबी समुद्र तसाही स्वस्थ बसायला तयार नव्हता. वायू, हिक्का, क्यार, महा, पवन, अशी चक्रीवादळांची रांगच लागली होती. वर्ष संपत आलं तरी आभाळ निवळत नव्हतं. शेजारच्या रानातले काका बांधावर येऊन म्हणाले, "ह्याला आता ग्रहणच लागू दे." सूर्याला की ढगाला, ते कळलं नाही.

आठ वाजून चार-पाच मिनिटांनी स्पर्श, साडेनऊच्या आत मध्य, अकराच्या सुमारास मोक्ष. केरळात कंकण दिसणार होतं, आमच्या वाट्याला सूर्याच्या व्यासाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग झाकणारं खंडग्रास. पुतण्यानं शाळेतून आणलेला पुठ्ठ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चहूकडं फिरवला. त्यातून नुसता काळोख दिसत होता. "काका, सूर्य कुठं आहे तेच सापडंना." पूर्वेकडं बोट केलं, पण माझंही बोट अंदाजानंच होतं. दिल्लीत पंतप्रधानांनाही ढगांमुळं काही दिसलं नाही, हे दुपारी त्यांच्या फोटोवरून कळलं. त्या सकाळी निम्म्या देशाचं तोंड एकाच दिशेला आणि बहुतेकांच्या हाती काहीच नाही.

थर्मामीटरचं सांगायचं राहिलं. ते एक नाही, दोन आहेत, एकाच लाकडी पाटीवर शेजारी शेजारी बसवलेले. एकाच्या फुग्याला सुती वात गुंडाळलेली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत. ओला आणि कोरडा. गिरणीच्या विणकाम खात्यात भिंतीवर असायचे ते. हवा कोरडी झाली की ताण्याची तार तुटते, तार तुटली की माग थांबतो, म्हणून खात्यातली हवा दमट ठेवावी लागते. दोन पाऱ्यांत जितकं अंतर जास्त तितकी हवा कोरडी. वडील तिथं होते. गिरणी बंद पडून सामान भंगारात निघालं तेव्हा त्यांनी ही पाटी उचलून आणली. पाटीवरचे आकडे पुसट झालेत, पण तेलाचा वास अजून येतो, विशेषतः पावसाळ्यात. वात मी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. हे काम घरात दुसऱ्या कुणाला करू देत नाही, का ते माहीत नाही.

वडिलांमुळंच मला पहिलं ग्रहण दिसलं. 16 फेब्रुवारी 1980, शनिवार. आभाळ लख्ख. खग्रास पट्टा कारवारकडून रायचूर, नलगोंडा करत ओडिशाकडं गेला. रायचूर इथून रेल्वेनं चार-पाच तासांवर, पण आमच्या गल्लीतून कुणी तिकडं गेल्याचं ऐकिवात नाही. हैदराबादजवळ रंगापूरच्या वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून बसले होते आणि सोलापुरात दुपारी तीनला संचारबंदी असावी असे रस्ते होते. आईनं खिडक्यांना आतून चादरी लावल्या होत्या. वडील पहिली पाळी करून आले, हातपाय धुतले, आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेले. पडवीवर पत्रा. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं. एरवी त्या भोकांतून शहाबादी फरशीवर उन्हाचे गोल कवडसे पडायचे, ते मी रोज पायानं दाबत हिंडायचो. त्या दिवशी फरशीवर गोल एकही नव्हता. सगळ्या चंद्रकोरी. बारीक, धारदार, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. वडिलांनी तळहात पुढं केला आणि हातावर एक कोर घेतली. मीही घेतली. तिला ऊब नव्हती, निदान मला लागली नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त सूर्य झाकला होता. अंगणातलं ऊन पांढुरकं, पातळ झालं होतं, सावल्यांच्या कडा नको इतक्या रेखीव. आणि अंगावर एकदम गार वारा आला. फेब्रुवारीची दुपार, सोलापूर, आणि गार वारा. वडील म्हणाले, "आत्ता खात्यात तार कमी तुटत असंल." त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले. मला ते वाक्य बरीच वर्षं विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. तापमान उतरलं की तेवढ्याच बाष्पात हवा जास्त ओलसर होते, दोन पारे जवळ येतात. ग्रहणाची बातमी त्यांनी आपल्या खात्याच्या भाषेत सांगितली होती.

म्हणून मी 2019 मध्ये ती पाटी वळसंगला नेली. सूर्य दिसला नाही तरी पारा सांगेल, असा हिशेब.

पाऱ्यानं सांगितलं नाही. आठाला कोरडा 19 च्या जरा वर. साडेआठला तिथंच. नऊला तिथंच. सव्वानऊला मला वाटलं खाली गेला, पण मी जवळ गेलो तेव्हा माझ्याच श्वासानं तो वर आल्यासारखा दिसला, मग मी तोंडावर रुमाल धरून वाचायला लागलो. साडेनऊला तिथंच. दहाला किंचित वर. साडेअकरानंतर चढायला लागला. सकाळच्या ग्रहणाची गंमत अशी की तापमान उतरत नाही, उतरायला आधी ते चढलेलं हवं. ते फक्त चढायचं थांबतं. आणि ढगाळ सकाळी ते तसंही चढत नाही. म्हणजे माझ्या वहीतली ती सपाट रेघ ग्रहणाची की ढगाची, हे सांगायला त्या रेघेत काहीच नव्हतं. शेजारी तसाच ढग असलेला पण ग्रहण नसलेला एक दिवस हवा होता. तसाच ठेवलेला ढग.

इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठानं 20 मार्च 2015 च्या ग्रहणात हेच मोठ्या प्रमाणावर केलं. शाळकरी मुलांपासून निवृत्त लोकांपर्यंत हजारो जणांकडून तापमान, ढग आणि वाऱ्याच्या नोंदी मागवल्या. त्यांच्याकडंही बऱ्याच भागात आभाळ भरलेलंच होतं. जिथं निरभ्र तिथं तापमान चांगलं उतरलं, ढगांखाली थोडं. वारा मंदावला आणि त्याची दिशाही किंचित फिरली, कारण जमीन तापायची थांबली की वर-खाली होणारी हवा शांत होते, संध्याकाळी होते तशी. वाऱ्याचं मला वळसंगला जाणवलं होतं. नऊच्या पुढं कडब्याच्या कोपीची सळसळ थांबली. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाण्यावर यायला लागली होती, तिची पानं एरवी एकमेकांवर घासत असतात, तीही गप्प झाली. माचणावरचा राखण्या गोफण मांडीवर ठेवून बसला होता. पाखरं नव्हती म्हणून त्याला काम नव्हतं. पाखरं का नव्हती? ग्रहण म्हणून, की ढगाळ सकाळी ती उशिराच उतरतात म्हणून? त्याला विचारलं. तो म्हणाला, "कवा येतात, कवा न्हाईत. त्येंचं काय पंचांग हाय का?" इतकं शास्त्रशुद्ध उत्तर मला त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नाही.

उजेडाचंही तसंच. वीसेक मिनिटं असं वाटत होतं की काहीतरी बदललंय. अंगण मळकट झालं होतं, तुळशी वृंदावनाचा गेरू तपकिरी दिसत होता. पण संध्याकाळचा पिवळेपणा त्यात नव्हता, उजेडाची जात तीच, फक्त माप कमी. आणि डोळा हे माप घ्यायला अगदी नालायक आहे. तीन-चतुर्थांश उजेड काढून घेतला तरी बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आणि आपण म्हणतो, जरा ढग दाट झाला वाटतं. मी आत्याला विचारलं, अंधारलंय का? ती म्हणाली, "मघापासून." मघापासून म्हणजे पहाटेपासून.

मी फोनवर फोटो काढत होतो. एकाच ज्वारीच्या ताटाचा, एकाच जागेवरून, मधूनमधून. संध्याकाळी घरी येऊन पाहिले तर सगळे सारखेच उजळ. फोन हुशार, अंधार झाला की आपणहून भरपाई करतो. चिडून बाजूला ठेवला. मग रात्री पुतण्यानं फोटोखालचे तपशील उघडून दाखवले. शटर किती वेळ उघडं होतं, संवेदनक्षमता किती होती, सगळं तिथं लिहिलेलं. आठच्या फोटोत शटर झटक्यात मिटलेलं, मग प्रत्येक फोटोत थोडं जास्त वेळ उघडं, सव्वानऊ-साडेनऊच्या दरम्यान सगळ्यात जास्त, आणि मग तितक्याच सावकाश उलट्या दिशेनं परत. ढगाच्या येण्याजाण्यात इतकी शिस्त नसते. आम्ही अंगणात उभं राहून जे शोधत होतो ते माझ्या हातातल्या फोननं बघितलं होतं, आणि मला दिसू नये म्हणून दुरुस्तही केलं होतं.

हे मी दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "माझं मुसळ कालच सांगलालतं की." यावर काय बोलणार?

मुसळाचं मात्र मी पाहून घेतलं होतं. त्याच दिवशी पहाटे ती उठायच्या आधी परात मांडली, पाणी ओतलं, मुसळ धरलं. दोनदा कललं. तिसऱ्यांदा, बोटं सोडवताना श्वास धरला, आणि ते उभं राहिलं. अमावास्या संपून गेलेली, ग्रहण संपलेलं, सूर्य अजून उगवायचा होता. मुसळाच्या बुडाला लोखंडी कडी असते, ती वर्षानुवर्षं कांडून सपाट झालेली असते, वजन सरळ खाली येतं. हात स्थिर हवा, बस्स. ते उभं राहिलेलं बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी ते आडवं केलं, परात पुसून चुलीमागं ठेवली आणि याबद्दल कुणाला काही बोललो नाही. आत्याचं मुसळ ग्रहण नसतानाही उभं राहतं आणि माझा पारा ग्रहण नसतानाही सपाट राहतो. दोघांची साधनं सारखीच मुकी. फरक एवढाच की मला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी साडेनऊपर्यंत रुमाल तोंडावर धरून उभा होतो.

शहरातही त्या सकाळी ठिकठिकाणी मुसळं उभी होती. पूर्व भागातून भावाचा फोन आला, की अख्ख्या गल्लीत ताटं मांडलीत, यंत्रमाग बंद आहेत, व्हिडिओ टाकतो. कन्नड, तेलुगू, मराठी, तिन्ही भाषांत तोच उत्साह. मला ते बघायला छान वाटत होतं. मग त्याच फोनवर दुपारी कलबुर्गीची बातमी आली. ताजसुलतानपुरात ग्रहणाच्या वेळी दिव्यांग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं, त्यानं ती बरी होतील म्हणून. फोटोत नुसती डोकी दिसत होती. कलबुर्गी आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, वळसंगहून आणखी कमी. तोच ढग तिथंही असणार. परातीतल्या मुसळाकडं मी 'जाऊ दे, कुणाचं काय बिघडतं' म्हणून बघतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्या फोटोनंतर तो 'जाऊ दे' तितक्या सहज तोंडातून निघत नाही. आत्यालाही फोटो दाखवला. ती खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "त्यांच्या आयांना कुणी सांगितलं असंल हे?" तिला सांगणाऱ्याचा राग आला होता, मला करणाऱ्यांचा. कदाचित तिचं बरोबर असेल.

पुढच्याच जूनमध्ये पुन्हा ग्रहण आलं. 21 जून 2020, रविवार, टाळेबंदीचा काळ. मी एकटाच गच्चीवर. पावसाळी ढग, पण फुटके, सरकते. सूर्य जवळजवळ माथ्यावर. आणि इथं ढगानं उलट काम केलं. निळ्या फटीत सूर्य आला की त्याच्याकडं बघता येत नव्हतं, आणि दाट ढगात गेला की दिसत नव्हता. पण या दोन्हींच्या मधे, ढगाची कड विरळ होत जाते तिथं, एक क्षण असा येत होता की चष्म्याशिवाय तो दिसायचा. पांढरा, थंड, कुरतडलेला. दुपारी उगवलेला चंद्र म्हणून खपला असता. असं बघू नये. ढग कधी विरेल याचा नेम नसतो आणि डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही. मी लगेच मान खाली घातली. पण जे दिसलं ते दिसलं. ढग नसता तर ते मला उघड्या डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं.

अलीकडं वाचलं, की ग्रहण स्वतःच ढग पुसतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी उपग्रहाच्या नोंदी तपासून 2024 साली हे मांडलं. आफ्रिकेवरून गेलेल्या ग्रहणांत, जमिनीवरचे छोटे कापसाळ ढग सूर्य जेमतेम 15 टक्के झाकला की विरायला लागले. जमीन निवते, गरम हवेचा वर जाणारा झोत तुटतो, आणि त्या झोतावर जगणारे ढग उपाशी मरतात. समुद्रावर तसं होत नाही, कारण पाणी इतक्या पटकन निवत नाही. वळसंगच्या ढगानं ग्रहणाचं का ऐकलं नाही, तेही त्यातून कळलं. तो आमच्या जमिनीचा नव्हताच. समुद्राकडून आलेला, उंचावरचा, थरांचा ढग. खाली जमीन निवली काय अन् तापली काय, त्याला देणंघेणं नव्हतं.

2022 ची दिवाळी सगळ्यांना आठवत असेल. लक्ष्मीपूजन झालं आणि मधे एक दिवस रिकामा, ग्रहणाचा, मग पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. 25 ऑक्टोबरच्या संध्याकाळी होटगी रोडवरून मी ते बघितलं. मावळता सूर्य, खालून खाल्लेला, तांबडा, चष्मा लावून मन भरेपर्यंत बघावा असा. रस्त्यानं माणसं चालली होती, गाड्या चालल्या होत्या. कुणी मान वर केली नाही. जे स्वच्छ दिसतं त्याला पुरावा लागत नाही, म्हणून बघायलाही कुणी लागत नाही की काय, असं मला उगाच वाटून गेलं. एका पोराला चष्मा दिला. तो म्हणाला, "एवढंच?"

आता पुढचं मोठं ग्रहण 2 ऑगस्ट 2027 ला. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडं दुपार कलल्यावर खंडग्रास. 22 जुलै 2009 च्याच घराण्यातलं ते, अठरा वर्षं अकरा दिवसांनी परत येणारं. 2009 ला पहाटे सुरतेत, बिहारमधल्या तारेगणात लोक जमले होते आणि कित्येकांच्या डोक्यावर ढग. त्याआधी 11 ऑगस्ट 1999, तेव्हाही पावसानं अनेकांना काही दिसू दिलं नाही. तिन्ही वेळा दिव्यांची अमावास्या. तिन्ही वेळा ऐन पावसाळा. तेव्हा ढग गृहीत धरूनच तयारी केली आहे. या वेळी ओला-कोरडा थर्मामीटर आठवडाभर आधी टांगणार, रोज त्याच वेळेच्या नोंदी घेणार, ढगाळ दिवसाची तुलना ढगाळ दिवसाशी. फोन एकाच जागी, आपोआप उजेड वाढवायची सोय बंद करून. वात नवी.

हे सगळं मागच्या आठवड्यात आत्याला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, मधे मान हलवत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "दिव्यांची अवस हाय म्हणलास न्हवं? मग मला दिवे घासायचे असत्यात. तू बस तुझ्या नळ्या घेऊन. आणि वेध कवा लागतात ते आधी सांग, म्हशीला परत भज्जी घालायची न्हाई."